कुंडईहून वेर्ण्याला

औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला वरच्या जागेवर जायचे असेल, तर बहुतेक वेळा त्याला आपला कारखानाच सोडावा लागतो. विश्लेषक बरेच असतात, त्यांच्यावरचे गटप्रमुख मोजके असतात आणि विभागप्रमुखाची खुर्ची एकच असते. ती रिकामी होईपर्यंत खालच्या सगळ्यांनी वाट पाहायची, असा तो हिशेब आहे. गोव्यात कुंडई, वेर्णा, पिळर्ण अशा औद्योगिक वसाहतींमध्ये औषधांचे कारखाने असल्यामुळे घर न हलवता नोकरी बदलता येते, आणि एका ठिकाणी मुरलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी जाऊन वर चढतो. मीही अशीच कुंडईच्या एका प्रयोगशाळेत आधी विश्लेषक आणि मग गटप्रमुख म्हणून बरीच वर्षे काढून वेर्ण्याला विभागप्रमुख म्हणून आले. मुलाखतीत मला जे विचारले गेले त्याची मी दिलेली उत्तरे खरी होती, सांगितलेला अनुभव खरा होता, दाखवलेली कागदपत्रेही खरी होती. तरीही नव्या जागी रुजू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत मला जाणवू लागले, की ज्या कौशल्याच्या बळावर मी ही जागा मिळवली होती, त्यातला बराच मोठा भाग माझ्या एकटीचा नव्हता. तो माझ्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या दरम्यान कुठेतरी वसत होता, आणि त्याला बरोबर आणण्याची कोणतीही सोय नव्हती.

हे नीट सांगायचे तर आधी आमच्या कामाचा स्वभाव सांगितला पाहिजे. प्रयोगशाळेचे सगळे लिखित व्यवहार अविश्वासावर उभे आहेत आणि ते तसेच असले पाहिजेत, कारण आम्ही ज्या गोळ्या तपासतो त्या कुणाच्या तरी आईच्या, कुणाच्या तरी मुलाच्या पोटात जाणार असतात. वजनकाट्यावर ठेवलेल्या प्रत्येक चिमटीची छापील चिठ्ठी निघते, ती वहीला चिकटवली जाते, तिच्यावर करणाऱ्याची सही होते आणि मग तपासणाऱ्याची. जे लिहिले नाही ते घडलेच नाही, हे वाक्य नव्या विश्लेषकाला पहिल्या दिवसापासून ऐकवले जाते. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील शेड्यूल एमची, म्हणजे औषधे बनवताना पाळायच्या नियमांची, २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुधारित आवृत्ती अधिसूचित झाली, तेव्हापासून तर लहानमोठ्या सगळ्याच कारखान्यांत ही लेखी शिस्त आणखी घट्ट झाली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की इतके सगळे कागदावर असताना माणूस बदलला तर काय बिघडते. वही तीच, पद्धत तीच, यंत्रही त्याच बनावटीचे.

पण डिसोल्यूशनची चाचणी घ्या. गोळी पोटात किती वेगाने विरघळेल याचा अंदाज घेण्यासाठी सहा भांड्यांत सहा गोळ्या सोडतात, द्रावणाचे तापमान ३७ अंश सेल्सियसवर राखतात, अर्धा अंश इकडेतिकडे चालतो, आणि ठरलेल्या वेळी प्रत्येक भांड्यातून थोडे द्रावण काढून घेतात. या वेळेला दोन टक्क्यांची सवलत असते. म्हणजे ३० मिनिटांनी द्रावण काढायचे असेल, तर हाताशी असतात ती जेमतेम ३६ सेकंदे इकडे आणि तितकीच तिकडे, आणि भांडी सहा. यंत्र आपोआप द्रावण खेचणारे नसेल तर हे काम दोघांनी करावे लागते. एकाने पिपेट बुडवायची, दुसऱ्याने गाळणी लावून नळ्या पुढे सरकवायच्या. माझ्याबरोबर कित्येक वर्षे जी सहकारी उभी राहत असे, तिला आम्ही सगळेच ताई म्हणत होतो. आम्ही दोघी त्या वेळी एक शब्दही बोलत नसू. तिचा हात कधी येणार हे माझ्या हाताला ठाऊक असे. कामाच्या पद्धतीच्या पुस्तिकेत ही चाचणी सविस्तर लिहिलेली आहे, पण त्या दोन हातांमधली लय तिथे लिहिता येणे शक्य नाही, आणि माझ्या नावावर वर्षानुवर्षे जे नेटके निकाल जमा झाले, त्यांत त्या लयीचा वाटा केवढा होता हे मी ताईपासून दूर गेल्यावरच मोजू शकले.

पावसाळ्याचे तसेच. गोव्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शेतकऱ्याला तो हवा असतो. औषधातले पाणी मोजणाऱ्याला मात्र त्याच्याशी रोज झगडावे लागते. पदार्थातील पाण्याचे प्रमाण मोजण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, ती कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली मांडली. त्यात वापरले जाणारे अभिकारक पाण्यासाठी इतके आसुसलेले असतात, की हवेतला ओलावासुद्धा ते ओढून घेतात. मोजणीच्या भांड्यात बाहेरची दमट हवा शिरू नये म्हणून नळीत सिलिका जेल भरलेली असते. ती निळी असेपर्यंत ठीक, गुलाबी झाली की तिची ओलावा शोषण्याची ताकद संपली. ती कधी बदलायची याचे वेळापत्रक असते. पण आमच्याकडे सावईवेऱ्याहून येणारे एक वयस्कर मदतनीस होते, ते जून लागला की वेळापत्रकाकडे न पाहता सकाळी खिडकीबाहेर पाहत, आणि रात्रभर झड लागली असेल तर आम्ही पोचण्यापूर्वीच जेल बदलून लॉगबुकात तशी नोंद करून ठेवत. हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. सकाळी यंत्र सुरू केले की त्याचा आकडा शांतपणे खाली येऊन स्थिरावे आणि मी कामाला लागत असे. मुलाखतीत मला विचारले होते, की दमट हवामानात पाण्याच्या चाचणीचे निकाल तुम्ही विश्वासार्ह कसे ठेवता. मी नमुना झटपट तोलण्याविषयी, बंद बाटल्यांविषयी, कोरड्या हवेच्या कपाटाविषयी सांगितले. ते सगळे बरोबरच होते. त्या मदतनिसांची सकाळची नजर ही माझ्या उत्तराचा भाग आहे, हे मला तेव्हा सुचले नाही, कारण ती माझ्या दिवसात इतकी मिसळून गेली होती की वेगळी दिसतच नव्हती.

मी बढतीचे पत्र हाती घेतले तेव्हा नोटिशीच्या काळात करायच्या हँडओव्हरची मोठी फाइल तयार केली. कोणते काम कुठे अर्धवट आहे, कोणत्या यंत्राचे कॅलिब्रेशन कधी, कोणत्या पुरवठादाराकडून कोणता कागद यायचा आहे, हे सगळे तिच्यात होते. त्यातले स्टॅबिलिटीच्या नमुन्यांचे पान लिहिताना मात्र मी थांबले. औषधाची मुदत ठरवण्यासाठी त्याचे नमुने विशिष्ट तापमान आणि आर्द्रता राखणाऱ्या कपाटांत ठेवतात. त्वरित अभ्यासाचे कपाट ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर असते आणि तिथले काम सहा महिन्यांत संपते. पण दीर्घकालीन अभ्यासाचे नमुने तीन, सहा, नऊ, बारा असे करत थेट ३६ महिन्यांपर्यंत काढून तपासायचे असतात. माझ्या सहीने कपाटात गेलेले कितीतरी नमुने तिथे तसेच उभे होते. ते बाहेर निघतील, कुणीतरी त्यांची चाचणी करील, आकडा आधीच्या आकड्यांच्या रेषेत बसतो का ते पाहील, आणि पहिल्या आकड्यांखाली माझे नाव असेल. जिथून मी निघाले होते तिथे माझे काम तीन वर्षे चालूच राहणार होते. आणि जिथे मी जात होते तिथल्या कपाटांत आधीच्या कुणीतरी ठेवलेले नमुने माझी वाट पाहत होते. आपल्या कामाचे हे असे दुसऱ्याच्या हातात पुरे होणे मला तेव्हा फार भिडले. आजही भिडते.

निरोपाच्या दिवसाविषयी फार लिहीत नाही. ताई एवढेच म्हणाली, "वच, पूण फोन कर." जा, पण फोन कर. बाकीचे काय बोलले ते माझ्यापाशी आहे.

माझे घर फोंड्यात आहे. कुंडईला जाताना फर्मागुढी, मार्दोळ, मंगेशी अशी वाट लागते; वेर्ण्याला जायचे तर बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडून लोटलीवरून जावे लागते. नव्या कारखान्याच्या बसमध्ये पहिले काही दिवस कुणाशी ओळख नसल्यामुळे मी खिडकीबाहेर पाहत बसत असे, आणि एका सकाळी लक्षात आले की या दोन रस्त्यांमध्ये गोव्याच्या इतिहासातले एक मोठे स्थलांतर आहे. दक्षिण गोव्यातली साष्टी १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढे देवळांवर संकट आले, तेव्हा तिथल्या देवांना आदिलशाहीच्या अमलाखालच्या अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात हलवण्यात आले. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० साली प्रियोळला आला. म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला आली, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. माझी जुनी वाट देव जिथे येऊन वसले त्या गावांवरून जात होती, आणि नवी वाट ते जिथून निघाले त्या गावांवरून जाते. म्हाळसेच्या मूळ जागी वेर्ण्याला आता पुन्हा मंदिर उभे आहे.

माझ्या नोकरीची तुलना मी त्या स्थलांतराशी करणार नाही. तिथे श्रद्धेचा आणि जिवाचा प्रश्न होता, इथे पगाराचा आणि पदाचा आहे. पण त्या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट मला नव्याने दिसली. देव हलले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची पूजा जाणणारी माणसेही हलली. कोणत्या तिथीला काय करायचे, पालखी कुणी उचलायची, दिवजा कुणी धरायच्या, हे ज्यांच्या अंगात होते त्यांनी ते नव्या जागी पुन्हा उभे केले, म्हणून मार्दोळला आजही जायांची पूजा भरते आणि सारे देऊळ जाईच्या फुलांनी दरवळते. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तरी वर्षातून एकदा शिगम्याच्या सुमारास बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्यांसह ती आपल्या जुन्या गावी येते. म्हणजे जागा सुटली तरी माणसांमधली व्यवस्था सुटू दिली गेली नाही. बढतीवर जाणारा माणूस मात्र एकटा जातो. त्याला ज्या गुणांसाठी बोलावलेले असते, त्या गुणांची मुळे ज्या माणसांत रुजलेली असतात ती माणसे मागे राहतात, आणि बोलावणाऱ्याला वाटते की झाड आपल्याकडे आले.

यावर एक उपाय आमच्या क्षेत्रात सर्रास केला जातो, तो म्हणजे आपली माणसे घेऊन येणे. नवा विभागप्रमुख आला की वर्षभरात जुन्या कारखान्यातले दोनतीन चेहरे त्याच्या मागोमाग दिसू लागतात. मलाही वरिष्ठांनी पहिल्याच महिन्यात विचारले, की तुमच्या ओळखीचे कुणी चांगले विश्लेषक असतील तर सांगा. ताईचे नाव ओठांवर आले होते. मी ते घेतले नाही, आणि याची दोन कारणे होती. एक तर ज्या प्रयोगशाळेने मला घडवले तिच्यातून मी निघाल्यावर पडलेले खिंडार मीच आणखी मोठे करावे, हे मला पटत नव्हते. दुसरे कारण नव्या जागेचे होते. जिथे प्रमुखाची माणसे येतात तिथे प्रयोगशाळेचे दोन भाग पडतात. जेवणाच्या टेबलापासून रजेच्या अर्जापर्यंत सगळीकडे आधीची माणसे आणि मॅडमची माणसे अशी रेघ ओढली जाते, आणि मग कुठलाही निकाल बिघडला की त्याचे कारण शोधण्याआधी तो कोणत्या बाजूच्या माणसाचा आहे हे शोधले जाते. हे मी पूर्वी विश्लेषक म्हणून खालून पाहिले होते. त्याची जी धास्ती मनात बसली आहे ती अजून गेलेली नाही.

अनेकांनी मला असेही म्हटले, की हीच बढती जुन्या जागी मिळाली असती तर किती बरे झाले असते. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला तसे वाटत नाही. विभागप्रमुखाचे मुख्य काम सही करणे आहे, आणि त्या सहीचा अर्थ असा, की या आकड्यावर मी शंका घेऊन पाहिली आणि ती टिकली नाही. आकडा मर्यादेबाहेर गेला तर चौकशी करायची, करणाऱ्याला समोर बसवून तू वजन नीट केलेस का, द्रावण नीट मिसळलेस का, असे एकेक विचारायचे, आणि उत्तर लिहून घ्यायचे. ज्या ताईबरोबर एकाच डब्यातले शीत आणि हुमण वाटून खाल्ले, तिला मी हे विचारले असते. ती रागावलीही नसती, कारण तिला काम कळत होते. पण आमच्यातली न बोलता चालणारी ती समज त्यानंतर तशीच राहिली असती का, याविषयी मला खात्री वाटत नाही. बढती परक्या जागी मिळाल्यामुळे मला निदान ती मैत्री जशी होती तशी ठेवता आली.

निदान असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तिचेही रूप बदलले, आणि ज्या कारणाने बदलले ते कारण माझ्या मनात आधी आलेच नव्हते. ताईचे आणि माझे बोलणे नव्वद टक्के कामाविषयी असे. कोणता कॉलम कंटाळला आहे, कोणत्या नमुन्याचा कुठला शिखर-आलेख वाकडा येतो आहे, कोणत्या पद्धतीत कुठला द्रव बदलला तर बरे होईल, यांतच आमचा जीव रमत होता आणि याच बोलण्यातून आमचा स्नेह वाढला होता. आता आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांच्या नोकर आहोत, आणि दोघींनीही गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेल्या आहेत. ती बंधने योग्य आहेत आणि आम्ही ती पाळतो. पण त्यामुळे झाले असे, की जिच्याशी मी सर्वांत मोकळेपणाने कामाविषयी बोलत होते, नेमकी तिच्याशीच आता मी कामाविषयी बोलू शकत नाही. फोन होतो, मुलांचे, सासूबाईंच्या गुडघ्याचे, चतुर्थीच्या तयारीचे बोलणे होते, आणि मधेच दोघीही एकदम थांबतो, कारण जिभेवर आलेला प्रश्न विचारायचा नसतो. चतुर्थीला आम्ही एकमेकींच्या घरी गणपतीवर टांगलेली माटोळी पाहायला जातो. सुपाऱ्यांचे घोस, नारळ, रानातली फळे यांखाली उभ्या राहून बोलताना मला ती पूर्वीइतकीच जवळची वाटते. तरीही आमच्या मैत्रीतला जो भाग सगळ्यांत जिवंत होता, तो दोन कंपन्यांच्या फाटकांमध्ये बंद आहे. कामाच्या जागी जुळलेली नाती नोकरी बदलल्यावर विरळ होतात तेव्हा लोक त्याला माणसांचा विसराळूपणा म्हणतात. मला वाटते, निम्म्या वेळा तिथे विसरणे नसते. बोलण्याचा विषयच काढून घेतलेला असतो.

नव्या प्रयोगशाळेतली पहिली अडचण अशी होती, की मला तिथल्या माणसांचे गप्प बसणे वाचता येत नव्हते. जुन्या जागी कुणी गप्प झाला तर तो का गप्प आहे हे मला कळत असे. एकाचे गप्प राहणे म्हणजे तो मनात हिशेब करतो आहे, दुसरीचे म्हणजे तिला घरून फोन आला आहे, तिसऱ्याचे म्हणजे त्याच्या हातून काहीतरी सांडले आहे. वेर्ण्याला सगळे जण मॅडम म्हणून उभे राहत आणि सगळे एकाच प्रकारे गप्प होत.

पहिल्याच पावसाळ्यात पाण्याच्या चाचणीचा एक निकाल मर्यादेच्या वर गेला. पदार्थ हवेतला ओलावा खेचून घेणारा आणि थंड कपाटात ठेवण्याचा होता. असा निकाल आला की तो मनाला येईल तसा पुन्हा करून पाहता येत नाही. चांगला आकडा मिळेपर्यंत चाचण्या करत राहणे हे विज्ञान नव्हे, हे १९९३ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाच्या निकालाने औषधउद्योगाला बजावले, आणि २००६ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा निकालांची चौकशी कशी करावी याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली पायरी प्रयोगशाळेतच असते: चूक मोजण्यात झाली, की पदार्थातच दोष आहे? पदार्थात दोष म्हणजे अख्खी बॅच अडकणार, म्हणून या पहिल्या पायरीवर जे बोलले जाते आणि जे बोलले जात नाही, त्याला फार किंमत असते. तो तरुण विश्लेषक माझ्यासमोर बसला आणि प्रत्येक प्रश्नाला पद्धतीप्रमाणे केले एवढेच म्हणत राहिला. त्याची वही स्वच्छ होती, वजनाच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, यंत्राची सकाळची तपासणीही बरोबर होती. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ती चूक झाल्याची भीती होती की नव्या मॅडमची, हे मला ओळखता येत नव्हते. ताई असती तर तिने खोलीच्या त्या टोकावरून ओरडून सांगितले असते.

कारण शोधण्यासाठी लेखी मंजुरी घेऊन तीच कृती टप्प्याटप्प्याने करून पाहायची सोय असते. ती मी घेतली, आणि खुर्चीत बसून देखरेख करण्याऐवजी कोट आणि हातमोजे घालून त्याच्या शेजारी उभी राहिले. सिलिका जेल मी बदलली, भांडे त्याने धुतले, कोरडे केले. आम्ही अभिकारकाविषयी, पावसाविषयी, बसच्या उशिराविषयी बोलत होतो. थंड कपाटातून बाटली काढून त्याने ती टेबलावर ठेवली, घड्याळात पाहिले आणि थांबला. बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय तिचे झाकण काढायचे नसते; थंड बाटली दमट हवेत उघडली तर आतल्या पदार्थावर ओलावा जमतो. तो बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी एवढा वेळ थांबलो नव्हतो. मागे तीन नमुने पडले होते." मी त्याला विचारले, की हे त्या दिवशी का सांगितले नाहीस. तो म्हणाला, की आधीच्या ठिकाणी असे सांगणाऱ्याची काय गत झाली ते त्याने पाहिले होते. तो त्या जागेचे नाव बोलला नाही आणि मीही विचारले नाही. चौकशीत कारण नोंदले गेले, प्रशिक्षण झाले, रीतसर नव्याने चाचणी झाली, पदार्थ चांगला निघाला.

या घटनेतून जे मला हवे होते ते एकदम मिळाले असे नाही. पण त्यानंतर मी दर आठवड्यात काही वेळ टेबलाशी उभी राहून काम करते, आणि याविषयी मला वरून एकदोनदा टोकलेही गेले आहे. विभागप्रमुखाने बैठकांना असावे, अहवाल वाचावेत, टेबलाशी काम करण्यासाठी माणसे आहेत, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांच्या दृष्टीने ते चूकही नाही. पण हातमोजे घातलेल्या माणसाशी हातमोजे घातलेला माणूस जे बोलतो, ते चौकशीच्या टेबलावर कधीच बोलत नाही. आणि ज्या आकड्यावर मला सही करायची आहे, तो आकडा कोणत्या हातांनी काढला हे मला ठाऊक नसेल, तर माझ्या सहीला शाईपलीकडे काय अर्थ उरतो? जुन्या जागी हे ज्ञान मला वर्षांच्या सहवासाने आपसूक मिळाले होते. इथे ते मुद्दाम कमवावे लागते, आणि कमवायचे तर वेळ द्यावा लागतो, यापेक्षा जवळची वाट मला सापडलेली नाही.

कंपन्या जेव्हा दुसऱ्याकडचा चांगला माणूस जास्त पगार देऊन आणतात, तेव्हा त्या हा वेळ हिशेबात धरत नाहीत. पहिल्या तिमाहीत फरक दिसावा अशी अपेक्षा असते. त्या माणसाचे जुने निकाल दाखवून त्याला सांगितले जाते, की तुम्ही तिथे हे केलेत, इथेही करा. तो बिचारा आपल्याला काय झाले आहे, पूर्वीसारखे हात का चालत नाहीत, म्हणून स्वतःवरच शंका घेऊ लागतो. मी अशी हुशार माणसे पाहिली आहेत, जी बढतीवर गेली आणि वर्षभरात खचून दुसरीकडे निघून गेली, आणि तिसऱ्या जागीही तेच झाले. त्यांच्यात काही उणे नव्हते. त्यांच्या जुन्या यशात ज्यांचा वाटा होता ती माणसे त्यांच्याबरोबर नव्हती, आणि हे त्यांना कुणी सांगितले नाही. या विषयावर लिहावेसे वाटले ते त्यांच्यासाठी.

आता तोच तरुण विश्लेषक बढतीवर पिळर्णला निघाला आहे. तिथे तो गटप्रमुख होईल. त्याने राजीनामा दिला तेव्हा मला वाईट वाटले आणि अभिमानही वाटला. गेल्या दोन पावसाळ्यांत पाण्याच्या चाचणीचा तो आमच्याकडचा जाणता झाला होता. सकाळी खिडकीबाहेर पाहून जेल बदलणारा आता तोच होता. तो हँडओव्हरची फाइल घेऊन आला, तेव्हा ती मी बाजूला ठेवली आणि त्याला म्हटले, की हे नंतर. आधी तुझ्या जागी येणाऱ्या मुलीबरोबर टेबलाशी उभा राहा, तुझ्या हाताने होताना तिला पाहू दे आणि तिच्या हाताने होताना तू पाहा, आणि कुठली अडचण आली तर कुणाला विचारायचे, इथल्या मदतनीस मामांना कुठली गोष्ट सांगावी लागते आणि कुठली सांगावी लागत नाही, हेही तिला सांग. नोटिशीचा काळ संपेपर्यंत त्या दोघांना दुसरे कोणतेही काम दिले जाणार नाही, असे मी लेखी कळवले आहे. वरून विचारणा झाली, की इतके दिवस एका चाचणीसाठी दोन माणसे कशासाठी. उत्तर मी सविस्तर लिहिले आहे आणि पावसाळा संपेपर्यंत ही व्यवस्था अशीच राहावी, अशी मागणीही त्यात जोडली आहे.